अर्धलीचं अंडं

मेढ्याजवळ, ता. जावली, जि. सातारा
२८ डिसेंबर १९९९

श्री. मधुकरराव यांस,

लालासाहेब यांचा आदरपूर्वक नमस्कार. सौ. शकुंतलाबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. (मायना काय घालावा यावर आमच्या घरात बराच खल झाला. मी "सन्माननीय व्याही" असं लिहायला घेतलं होतं. सौ. शालूबाईंचं म्हणणं पडलं की, त्यांनी आपल्याला व्याही मानलंय की नाही हे आधी कळू द्या, पदवी मग द्या. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. त्यापुढे आपल्याला योग्य वाटेल तो शब्द आपण मनात घालून घ्यावा.) आपली प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. आपला उजवा गुडघा कसा आहे? थंडीत तो धरतो असं समजलं. त्यावर निर्गुडीचा पाला गरम करून बांधावा, गुण येतो. (गुडघ्याचं मला कसं कळलं हे विचारू नये. आपला मुलगा चि. सौमित्र गेल्या महिन्यात इथे येऊन गेला. त्यानं हे घरी सांगितलं नसल्यास मागची दोन वाक्यं आपण वाचली नाहीत असं समजावं.)

आमच्याकडे टेलिफोन आहे, तरी पत्र का, असा प्रश्न आपल्याला पडेल. सप्टेंबरात मी आपल्याला फोन केला होता. माझं नाव ऐकल्यावर आपण "रॉंग नंबर" असं म्हणून अतिशय सभ्यपणे रिसीव्हर ठेवलात. फौजेत माझी सारी नोकरी सिग्नल्समध्ये गेली, त्यामुळे आवाज ओळखण्यात माझी सहसा चूक होत नाही. तरी त्या दिवशी ती झाली असेल असं धरून चालतो. पत्राचं तसं नाही, ते पत्त्यावर जातं.

आपली कन्या आणि आमची सून चि. सौ. अपूर्वा हिला सातवा महिना सरत आला आहे. मध्यंतरी थोडा त्रास झाला, तेव्हापासून साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली आहे. वेळ आली म्हणजे जीपमधून हळूहळू साताऱ्यापर्यंत न्यायचं, त्यापलीकडे प्रवास नाही, असा हुकूम आहे. आमचा मुलगा चि. वीरधवल सीमेवर आहे. त्याला त्या वेळी रजा मिळेल अशी आशा आहे, खात्री नाही. ही सर्व हकीकत केवळ माहितीसाठी लिहिली. पत्राचा विषय हा नव्हे. पत्राचा विषय अंडं हा आहे.

सौमित्रला त्याच्या कुपवाडच्या कारखान्यानं नवीन मशीन शिकून यायला जपानला धाडलं होतं, हे आपण जाणताच. तिथून त्यानं बहिणीसाठी एक खेळ आणला. पडून पडून तिचा जीव कंटाळेल, हा त्याचा विचार. साबणाच्या वडीएवढं यंत्र, त्याला छोटा पडदा आणि खाली बटणं. पडद्यावर पाठीला करंडी लावलेली एक ठेंगणी मुलगी रानोमाळ हिंडते, नाना तऱ्हेचे चमत्कारिक प्राणी धरते आणि पाळते. अक्षरं सगळी जपानी, पण अपूर्वानं चित्रांवरून आठवड्याभरात सगळा खेळ समजून घेतला. (आपली मुलगी हुशार आहे हे मी आपल्याला सांगणं बरं दिसत नाही, तरी सांगतो.) तिच्याकडे एक शिंगवाला बेडूक झाला आणि एक पंखवाली घोरपड झाली. ही दोन जनावरं तिनं तिथल्या एका म्हातारीच्या गोठ्यात ठेवायला दिली. काही दिवसांनी म्हातारीनं अंडं आणून हातात दिलं.

मी जन्मभर जनावरांतला माणूस. बेडूक आणि घोरपड यांचं जमत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. त्यावर ती म्हणाली की या खेळात जात बघत नाहीत, दोघं सुखानं एकत्र राहिली म्हणजे झालं, म्हातारी अंडं आणून देते. (हे वाक्य लिहून मी जरा वेळ थांबलो होतो. आपणही थांबायला हरकत नाही.) पिल्लू आईच्या वळणावर जातं आणि अंगातली कला बापाची घेतं, असंही तिनं सांगितलं. तेव्हा शालूबाईंनी विचारलं, मग नाक कुणाचं? याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आता हे आपल्याला का कळवायचं, तर अर्धलीमुळे. आपण सांगलीच्या विश्रामबागेतले, आपल्याला हा रिवाज ठाऊक नसेल. इकडे एखाद्याकडे शेळी असते, पण सांभाळायला माणूस नसतो. तो ती दुसऱ्याला अर्धलीनं देतो. चारापाणी सांभाळणाऱ्यानं करायचं आणि पिल्लं होतील ती दोन्ही घरांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. लिखापढी काही नसते, पण त्यात कोणी शब्द फिरवत नाही. आता हे यंत्र आपल्या घरातून आलं आणि सांभाळ आमच्या घरात झाला. म्हणजे सरळ अर्धलीचा मामला झाला आणि निम्मं पिल्लू आपलं निघतं. आपण व्याही मानत नसलात तरी मालक ठरता, आणि मालकाला खबर देणं हे सांभाळणाऱ्याचं काम आहे. त्या कामापोटीच हे पत्र आहे, दुसरं कारण मनात आणू नये.

तर अंडं आलं. आल्यावर अपूर्वा म्हणाली, "बाबा, हे चालल्याशिवाय फुटत नाही. आणि मला तर चालायची बंदी." एवढं बोलून तिनं यंत्र उशाशी ठेवलं आणि छताकडे बघत राहिली. मला ते बघवेना. मी यंत्र उचललं, शर्टाच्या डाव्या खिशात घातलं, बटण लावलं आणि म्हणालो, ही ड्यूटी माझी. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं आणि ती काही बोलणारही होती, पण मी तोवर चपला घातल्या होत्या. फौजेत हुकूम कळला की फाटे फोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शिवारातून, दुपारी मेढ्याच्या रस्त्यानं आणि संध्याकाळी ओढ्याच्या काठानं, असं माझं चालणं सुरू झालं. चाल एकसारखी ठेवली. अंड्याला धक्का लागू नये म्हणून उतारावर हात छातीशी धरत असे. परत आलो की यंत्र तिच्या हातात द्यायचं, ती पडद्यात बघायची आणि म्हणायची, अजून नाही.

या हात छातीशी धरण्यानं एक घोटाळा झाला. मी मधूनच थांबतो, खिशातून काहीतरी काढून बघतो, पुन्हा आत ठेवतो आणि वर हात ठेवून चालू लागतो, हे गावानं पाहिलं. आमचा शेजारी कोंडीबा एके दिवशी बांधावर आडवा आला. "सुभेदार, छातीत मशीन बसिवलंय म्हणं तुमच्या? आवं, मग कशापायी एवढं चालताय?" आता मला सांगा, मी काय उत्तर द्यावं? निवृत्त सुभेदार बेडकाचं अंडं फिरवत हिंडतो हे सांगण्यापेक्षा हृदयविकार परवडला. मी गंभीरपणे म्हणालो, "व्हय." त्याचा परिणाम असा झाला की मला पाहिलं की माणसं बिडी विझवू लागली. बोअरच्या पाण्यावरून माझ्याशी ज्यांचं बोलणं बंद होतं ते हंबीरराव डाळिंबं घेऊन विचारपूस करायला आले आणि झालं गेलं विसरा म्हणाले. मी विसरलो. डाळिंबं अपूर्वानं खाल्ली. हंबीररावांना खरं काय ते सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही, आणि आता समेट झाल्यावर सांगणं मुत्सद्दीपणाचंही नाही.

दुसरा घोटाळा कोंबडीचा. आमच्याकडे यंदा थंडी कडक आहे, आणि थंडीनं बॅटरीचं बळ जातं हे मला लडाखच्या पोस्टिंगपासून माहीत आहे. पडदा फिकट पडू लागला. तिथे आम्ही बॅटऱ्या अंगाखाली घेऊन निजत असू. परंतु मी कुशीवर वळतो, यंत्र चिरडलं असतं. तेव्हा ऊब सारखी मिळेल आणि हालचाल होणार नाही, अशी जागा कोणती, याचा मी विचार केला. पलीकडच्या घरातल्या मनुबाईकडे एक कोंबडी खुडूक बसली होती. (खुडूक कोंबडी म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली, जी खुराड्यातून उठत नाही ती.) योजना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती हे आपणही मान्य कराल. मनुबाई म्हणाली, "अंडं तुमचं, कोंबडी माजी. निम्मी पिल्लं माजी हुत्याल." मी हसून हो म्हटलं आणि यंत्र कोंबडीखाली सरकवलं. ते बंद करायचं राहून गेलं होतं. कोंबडीच्या पोटाखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि जपानी वाजंत्री सुरू झाली. कोंबडी जी उठली ती कौलांवर. त्यानंतर ती अंड्यावर बसायला तयार नाही. तिची खरी अंडी वाया गेली, आणि त्यांच्या भरपाईसाठी मनुबाई रोज दारात येऊन, अंडं फुटलं का, माझा निम्मा वाटा कुठे, असं विचारते. म्हणजे आपला निम्मा, मनुबाईचा निम्मा, आणि अंडं फिरवणाऱ्याच्या वाट्याला काय, हा हिशेब मला सुटलेला नाही.

एवढं होऊनही अंडं फुटेना. मी अपूर्वाला विचारलं की चाल कमी पडते की रस्ता चुकतो? तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दुपारी मेढ्याच्या स्टँडवर जाऊन बघाल? साताऱ्याची गाडी येते तेव्हा. अंड्याला तिथलं चालणं मानवेल." मी म्हणालो, बरं. तेव्हापासून मी रोज दुपारी स्टँडवर जातो. गाडी येते, माणसं उतरतात, मी स्टँडला एक फेरी मारतो आणि घरी येऊन पलंगाशेजारी स्टुलावर बसून रिपोर्ट देतो. ती यंत्र हातात घेते आणि मला सगळं विचारते. रस्त्यात कोण भेटलं, कुठला ऊस तोडला, ओढ्याला पाणी आहे का. आणि मग, गाडीतून कोण कोण उतरलं? मी सांगायचो, तलाठी उतरले, एक लग्नाचा बस्ता उतरला, दोन मास्तर उतरले. "सांगलीकडचं कुणी?" असं ती विचारायची, तेही असं की जणू सहज आठवलं म्हणून. मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, अजून फुटलं नाही हं बाबा, उद्या बघू. आणि यंत्र उशाशी ठेवून द्यायची. मला वाटायचं ती अंड्यासाठी खट्टू होते. मधुकरराव, माणूस किती मठ्ठ असावा याला काही मर्यादा ठेवली पाहिजे.

गेल्या सोमवारी सौमित्रचा फोन आला. अपूर्वाचा डोळा लागला होता, म्हणून मीच बोललो, आणि बोलता बोलता माझ्या चालण्याचा अहवाल त्याला दिला. त्यानं तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग तो म्हणाला, "काका, आपण चालायचं नसतं. ती पडद्यावरची करंडीवाली मुलगी आहे ना, तिला बटण दाबून चालवायचं. अंडं तिच्या करंडीत असतं. झोपून खेळलं तरी फुटतं, दुपारभरात." मी विचारलं, हे अपूर्वाला माहीत आहे? तो म्हणाला, तिलाच तर पहिल्यापासून माहीत आहे.

मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू? सगळं शिवार तुडवलं, हृदयविकार पत्करला, एका निरपराध कोंबडीचं मन मोडलं, आणि ही पोरगी पलंगावर पडून गंमत बघते? तोंडावर आलेलं बोलायला म्हणून मी उठलोही. दारातून पाहिलं तर ती जागी झाली होती. यंत्र हातात होतं, पण ती त्यात बघत नव्हती. खिडकीतून मेढ्याचा रस्ता दिसतो तिकडे बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला अंडं फोडायचंच नव्हतं. अंडं फुटलं असतं तर म्हाताऱ्याला रोज स्टँडवर कोणत्या निमित्तानं धाडणार? आईवडील येतील का ते बघून या, असं तोंडानं म्हणायला तिची जीभ रेटत नाही. तिनं लग्न स्वतःच्या मर्जीनं केलं, तेव्हा आता मागायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं आहे. माझा राग गेला आणि मला फार वाईट वाटलं. मी खिसा पुढे केला आणि म्हणालो, दे इकडे, गाडीची वेळ झाली.

त्या दिवशीही सांगलीकडचं कुणी उतरलं नाही. परतीच्या वाटेवर, आता घरी गेल्यावर काय सांगू, याचाच विचार करत होतो. खोटं सांगावं असंही क्षणभर मनात आलं. पण घरी आल्यावर तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही विचारलंच नाही. यंत्र घेतलं, थोडा वेळ बटणं दाबत राहिली, आणि म्हणाली, "बघा बाबा, फुटलं. तुमच्या चालण्यानं फुटलं." मी पाहिलं. पिल्लू बेडूकही नाही आणि घोरपडही नाही. गोल अंग, आखूड पंख आणि कपाळावर मोठी आठी. ते बघून अपूर्वा हसली. "आमचे आप्पा पेपर वाचताना अगदी अश्शेच दिसतात," म्हणाली. (मी आपल्याला एकदाच पाहिलं आहे, लग्नाचं बोलायला आलो तेव्हा, विश्रामबागेतल्या आपल्या दारात, आणि दार पुरतं उघडलेलं नव्हतं. त्यामुळे साम्याविषयी मी खात्रीनं काही सांगू शकत नाही.) हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं यंत्र बंद करून मला दिलं आणि म्हणाली, आता उद्यापासून चालायला नको, बाबा, तुम्ही दमता.

तर अंडं फुटलं आणि पिल्लू एकच निघालं. अशा वेळी अर्धलीत काय करतात, तेही कळवतो. एकाचे दोन कोणी करत नाही. ते दोन्ही घरांचं म्हणून वाढवतात, आणि मालक अधूनमधून येऊन बघून जातो. बघायला आलेल्या मालकाला दारात उभं ठेवत नाहीत, आत बोलावून आधी गूळपाणी देतात. आपल्या माहितीसाठी लिहिलं.

कळवायचं ते एवढंच. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला निर्गुडी.

आपला,
लालासाहेब
सुभेदार (निवृत्त)

ता. क. या पत्रात फक्त खेळाची हकीकत आहे. आमची कसलीही मागणी नाही आणि अपेक्षाही नाही. अपूर्वाला या पत्राची कल्पना नाही. उत्तर धाडलंत तर पाकिटावर माझं नाव घालावं, म्हणजे पोस्टमन सिद्धू ते तिच्या हातात देणार नाही. न धाडलंत तरी आमचा राग नाही.

ता. क. दुसरा. वरील मजकूर शालूबाईंना वाचून दाखवला. त्या भडकल्या आहेत. बेडकावर आणि कोंबडीवर एवढी पानं खर्च केलीत, आणि विचारायचं ते विचारलंच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. ते खरं आहे, म्हणून आता विचारतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हा आपल्याकडचाही रिवाज आहे आणि आमच्याकडचाही. तिला माहेरी पाठवणं शक्य नाही. म्हणून माहेर इकडे पाठवावं, ही विनंती. माडीवरची खोली झाडून तयार आहे. आपलं खाणं वेगळं आहे हे ध्यानात घेऊन चूल निराळी मांडली आहे, भांडी नवीन आणली आहेत, आणि आमच्या घरात तोवर मांसमच्छी शिजणार नाही. आपण यावं, न जमल्यास शकुंतलाबाईंना तरी धाडावं. आपल्याला माझ्याशी बोलण्याची सक्ती नाही. मी शेतावर राहीन.

ता. क. तिसरा. हा मी लिहीत नाही. शालूबाई शेजारी बसून सांगत आहेत आणि बोलते तस्संच उतरवा, शहाणपणा घालू नका, असं बजावलं आहे. विहीणबाई, आवं, मी शालू बोलत्येय. पोर लय गुणाची हाय तुमची. पर भ्याली हाय वो ती. रातचं दचकून उठती, आन् मी इचारलं की काय न्हाई म्हंती. मी किती बी जीव लावला तरी मी सासू हाय. मला न्हाई सांगायची ती. आईला सांगंल. या.